टी टाइम आधी, विमान नंतर : आमची सोलापूर ते काणकोण गोल्फ ट्रिप

आधी एक कबुली देऊन टाकतो. मी बारा-तेरा वर्षं गोल्फचे टॉवेल बनवले आणि त्यातली निम्मी वर्षं गोल्फ कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बाहेरच्या ऑर्डरीत एक आयटम कायम यायचा, सोळा बाय चोवीस इंची, उभ्या तीन घड्या, वरच्या काठाला पितळी आयलेट (धातूची कडा बसवलेलं भोक) आणि त्यात हुक. आमचे शिलाईचे मास्तर त्याला ‘कडीवाला पंचा’ म्हणायचे, आम्हीपण तेच म्हणायचो. मग एकदा पुण्यात एका बायरनी येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सवर सकाळी सकाळी नेलं आणि तिथं प्रत्येकाच्या बॅगला लटकलेला कडीवाला पंचा बघून मी त्याच्याकडंच बघत बसलो, बॉल कुठं गेला ते बघायचंच राहिलं.

तिथून नाद लागला. आता सोलापुरात आम्ही चौघं आहोत. मी, एक हाडांचे डॉक्टर, एक सीए (हा डावखुरा, हे लक्षात ठेवा, पुढं लागणारंय) आणि आमचे अण्णा, सुताचे व्यापारी, वयानं सगळ्यात मोठे आणि खेळात सगळ्यात सरळ. बाकी तिघांचे बॉल उजवीकडं डावीकडं जातात, अण्णांचा शंभर यार्डच जातो पण नाकासमोर. राउंड खेळायचा तर पुण्याला जातो, सराव मात्र इथंच. डॉक्टरांचं मोहोळकडं रान आहे, ज्वारी निघाली की मार्चपासून पाऊस पडेपर्यंत ते आमचं. पण काळ्या रानाला उन्हाळ्यात हातहात भेगा पडतात, बॉल चांगला मधोमध पडतो आणि भेगेत गडप. शेतातला गडी म्हणायचा, मालक ह्याला कोंब फुटतेत का बघा पावसाळ्यात. उरलेल्या महिन्यांत कारखान्याच्या गच्चीवर जाळी बांधून सात नंबरचं आयर्न (गोल्फची एक लोखंडी काठी) मारत बसायचं.

असल्या माणसांना समुद्राकाठच्या रिसॉर्टवर जाऊन खेळायचं खूळ कुठून आलं विचाराल तर टीव्हीवरून. हिरवंगार गवत, मागं निळा समुद्र, नारळीची झाडं. पहिलं नाव निघालं मॉरिशस. तिथं इल ओ सर्फ म्हणून बेटावर अठरा होलचा (बॉल घालायच्या अठरा भोकांचा) कोर्स आहे, जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरनं आखलेला, बोटीनं जावं लागतं. भारतीयांना आधी व्हिसा काढायची भानगड नाही, गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, मराठी मंडळी पिढ्यान्पिढ्या आहेत, म्हणजे अगदी परकं नाही. अण्णांनी पासपोर्ट शोधला तर तो संपून चार वर्षं झालेली. शिवाय मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, आपला हिवाळा तो त्यांचा उन्हाळा आणि साधारण नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा मोसम. आम्हाला सवड मिळते ती नेमकी तेव्हाच. मग फुकेत निघालं. तिथल्या ब्लू कॅन्यनवर १९९८ ला टायगर वूड्स शेवटच्या दिवशी आठ शॉट मागं होता आणि तरी जिंकला, ही गोष्ट सीएला तोंडपाठ. पण चौघांचा खर्च मांडल्यावर सीएच म्हणाला, आपण शेवटच्या दिवशी आठ शॉट मागं नसतो, पहिल्या होललाच असतो, तेवढ्यासाठी फुकेत कशाला.

गोवा ठरलं. आणि इथंच आमची पहिली मोठी चूक झाली.

सोलापूरकर नसाल तर कळणार नाही म्हणून सांगतो. आमच्याकडं विमान हा नुसता प्रवासाचा विषय नाही, दुखरा विषय आहे. किती वर्षं ‘यंदा सुरू होणार’ ऐकलं. जून २०२३ मध्ये विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्यावरून गावात घराघरात दोन तट पडले, माझ्या घरात तर जेवताना तो विषय काढायला बंदी होती. सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि जून २०२५ ला पहिलं विमान उडालं ते थेट गोव्याला. आता सांगा, होटगी रोडवरनं विमान थेट गोव्याला जातंय म्हणल्यावर माणूस दुसरा काही विचार करेल का? डॉक्टरांनी ग्रुपवर तिकिटाचा स्क्रीनशॉट टाकला आणि खाली लिहिलं, ‘चौघांची काढली, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, दवाखाना बंद ठेवतोय.’ आम्ही सगळ्यांनी हात जोडलेले, टाळ्यांचे, विमानाचे इमोजी टाकले. कोर्स कुठला, होल किती, खेळायला मिळणारंय का, हे एकानंही विचारलं नाही.

मग एकेक कळत गेलं.

दक्षिण गोव्यात रिसॉर्टमधले गोल्फ कोर्स म्हणून दोन नावं आमच्या पुढं आली. बाणावलीला ताज एक्झॉटिका, तिथं नऊ होलचा छोटा कोर्स. आणि अगदी खाली काणकोणात राजबागला ललित, तिथंही नऊच होल पण प्रत्येक होलला दोन टी, म्हणजे दुसऱ्या फेरीला वेगळ्या जागेवरून मारायचं, अंतर बदलतं, अठरा होल झाल्यासारखे होतात. एका बाजूला समुद्र, जवळच तळपण नदी. आम्हाला तोच पसंत पडला. आणि आमचं विमान उतरत होतं मोपाला! मोपा पेडण्यात, म्हणजे गोव्याचं वरचं टोक, जवळजवळ महाराष्ट्राची हद्द, आणि काणकोण खालचं टोक, पलीकडं लगेच कारवार. मधे अख्खा गोवा, शंभर किलोमीटरच्या आसपास, गर्दीत तीन तास धरून चाला. विमानात तासभर आणि टॅक्सीत तीन तास.

मग सामान. गोल्फची भरलेली बॅग कव्हरसकट बारा ते पंधरा किलो होते. केबिनमध्ये क्लब नेऊ देत नाहीत, हे बरोबरच आहे, साडेतीन फुटी लोखंडी काठ्या आहेत त्या. म्हणजे चेक-इनचं वजन सगळं तिथंच संपलं, कपडे काय अंगावरच ठेवायचे? ‘तिथं भाड्यानं सेट घेऊ’ असं डॉक्टर म्हणाले, आणि आता तो डावखुरा मुद्दा. उजव्या हाताचे भाड्याचे सेट मिळतात, डाव्याचा मिळेलच असं कुणी सांगत नाही. सीए म्हणाला तुम्ही खेळा, मी व्हिडिओ काढतो. म्हणला हसत, पण रुसला होता.

आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा. गोव्यात २० डिसेंबर ते ५ जानेवारी काय दर असतात ते गोव्याला जाऊन आलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. एका ट्रॅव्हलवाल्यानी (नाव नको, गावातलाच आहे, लग्नाकार्यात भेटतो) आम्हाला ‘गोल्फ पॅकेज’ दिलं, सगळं त्यात आहे साहेब म्हणाला. मी ते दोन पानी कागद तीनदा वाचले तर त्यात गोल्फ कुठंच नव्हता, ‘गोल्फ व्ह्यू रूम’ होती. म्हणजे खिडकीतून दुसऱ्यांना खेळताना बघायचं. फोन केला तर म्हणतो, खेळायचंपण आहे का तुम्हाला?

तिकिटं रद्द केली. थोडे पैसे गेले, किती ते सांगत नाही, अण्णांनी अजून विषय सोडलेला नाहीये.

त्या रात्री पार्क चौकात उभं राहून भजी खाताना अण्णांनी एकच वाक्य टाकलं. ते कमी बोलतात पण सुताच्या धंद्यात चाळीस वर्षं गेलेत. म्हणाले, ‘अरे, ऑर्डर घेताना आपण डिलिव्हरीच्या तारखेपासून मागं मोजतो का नाही? पॅकिंग कधी, शिलाई कधी, डाइंग कधी, सूत कधी उचलायचं. इथं तुम्ही आधी ट्रक बुक केला आणि मग सूत शोधलालाव.’

खरंच की. तिथून आम्ही सगळं उलटं धरलं. आधी टी टाइम, म्हणजे कोर्सवर पहिला बॉल मारायची ठरवून घेतलेली वेळ, मग त्याच्यावरून मागं मागं.

म्हणून आधी महिना. जून ते सप्टेंबर गोव्यात पाऊस, तेव्हा जायचा प्रश्नच नाही, ऑक्टोबर घामट. नोव्हेंबरात डॉक्टर कुठल्याशा परिषदेला, डिसेंबर तर बघितला. जानेवारीत संक्रांतीला आमची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, नंदीध्वज निघतात तेव्हा सोलापूरकर गाव सोडून जात नाही, आणि गेला तर आई आयुष्यभर ऐकवते. मार्चमध्ये सीए माणसात नसतो. उरला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. रानात ज्वारी उभी, हुरड्याचे दिवस, म्हणजे सराव फक्त गच्चीवर. चालतंय.

मग मी थेट कोर्सवरच फोन लावला. एजंटला नाही, हॉटेलच्या बुकिंगलाही नाही, गोल्फच्या डेस्कला जोडून द्या म्हणलं. हे आधी केलं असतं तर दोन महिने वाचले असते. कागदावर प्रश्न लिहून बसलो होतो. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कातरलेल्या गवतावर) काम कधी करता? कारण ग्रीनला मधूनमधून सगळीकडं बोटाएवढी भोकं पाडून वाळू भरतात, मुळांना हवा लागावी म्हणून, आणि ते केल्यावर आठ-दहा दिवस पटिंग (बॉल हळूच होलमध्ये ढकलणं) म्हणजे खडीवर गोट्या खेळल्यासारखं. कंपन्यांची कुठली स्पर्धा किंवा लग्न त्या तारखांना आहे का? कारण मोठ्या लग्नाला रिसॉर्टमधलं लॉन कुठलं आणि कोर्स कुठला, काही सांगता येत नाही. कॅडी (बॅग घेऊन सोबत चालणारी माणसं) मिळतात का, का नुसती गाडी? अठरा खेळायचे तर नऊ झाल्यावर लगेच पुन्हा सोडतात का मधे थांबावं लागतं? पलीकडच्या माणसानं न कंटाळता सगळं सांगितलं आणि वर एक गोष्ट आपणहून सांगितली जी मला सुचलीच नव्हती. मी म्हणलं सकाळी साडेसहाचा टी टाइम द्या. तो म्हणाला, सर, साडेसहाला अंधार असतो. फेब्रुवारीत तिथं सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो, वर डोंगर पूर्वेला. सव्वासात घ्या, आणि अकराच्या आत दुसऱ्या नऊचे निम्मे उरका.

अकराचं कारण वारा. हे भूगोलात शिकलोय सगळे, खारे वारे मतलई वारे, परीक्षेला पाच मार्कांना यायचं. दिवसा जमीन लवकर तापते, हवा वर चढते आणि समुद्रावरून वारा आत येतो. सकाळी शांत असतं, दुपारकडं वाढत जातं. शाळेत वाटलं नव्हतं की हा धडा पन्नाशीत टी टाइम घ्यायला लागेल. डॉक्टरांनी ह्याच्यावर वेगळंच गणित मांडलं, सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, हवा थोडी विरळ, तिथं खाली गेल्यावर बॉल कमी जाणार. हिशोब केला तर दीडशे यार्डात दोन-तीन यार्डांचा फरक. अण्णा म्हणाले, डॉक्टर, तुमचा बॉल वीस यार्ड उजवीकडं जातो, आधी त्याचं बघा.

शनिवारी सकाळी सव्वासातला चौघांचा टी टाइम पक्का झाला, रविवारी नऊच होल. त्यानंतर रूम. त्यानंतर, सगळ्यात शेवटी, जायचं कसं.

मला ह्यात गंमत अशी कळली की काणकोणचा रस्ता आमच्या दारातूनच जातो. राष्ट्रीय महामार्ग ५२, तो सोलापूरवरून विजापूर, हुबळी, यल्लापूर करत अंकोल्याला समुद्राला भिडून संपतो. रोज ज्या रस्त्यावर सुताचे ट्रक बघतो तोच. अंकोल्याहून उजवीकडं वळायचं, कारवार, काळी नदीचा पूल, आणि मग गोव्याची हद्द लागली की पहिला तालुका काणकोण. सगळं मिळून पाचशे किलोमीटरच्या थोडं वर. म्हणजे विमानानं गेलं की गोव्याच्या चुकीच्या टोकाला, गाडीनं गेलं की बरोब्बर टोकाला.

पण डॉक्टर ऐकेनात. सोलापुरातून विमानानं गोव्याला जायचंच, आयुष्यात एकदा. सीएला पाठीचं दुखणं, दहा तास गाडी नको. मग तोडगा निघाला, ते दोघं विमानानं हात हलवत जाणार, मी आणि अण्णा गाडीनं चौघांच्या बॅगा घेऊन. डावखुऱ्या सेटचा प्रश्न मिटला, वजनाचा मिटला. आणि गाडीत जागा आहे म्हणल्यावर माझी बायको आणि वहिनी (अण्णांच्या मिसेस) पण तयार झाल्या, त्यांना गोल्फशी काही देणंघेणं नाही. बायकोनं नकाशा बघून काणकोणात श्रीस्थळचा मल्लिकार्जुन शोधून काढला. म्हणाली, आपला सिद्धराम (म्हणजे सिद्धेश्वर) मल्लय्याला, म्हणजे मल्लिकार्जुनालाच, शोधत पायी श्रीशैलला गेला, तुम्हाला गाडीनं वीस मिनिटं जायला काय होतंय. ह्याच्यावर काही बोलायची सोय नसते. वहिनींनी पर्तगाळीचा मठ आणि गालजीबागचा किनारा, जिथं कासवं अंडी घालायला येतात, ते लिहून ठेवलं. खरं सांगू का, त्यांचं प्लॅनिंग अर्ध्या तासात झालं आणि आमच्यापेक्षा बरं झालं.

पॅकिंगमध्ये मी एक शहाणपणा आणि एक मूर्खपणा केला. मूर्खपणा असा की ग्लोव्ह दोनच घेतले. सोलापूरचा माणूस आहे मी, मे महिन्यात चव्वेचाळीसमध्ये कारखान्यात फिरतो, बत्तीस डिग्री म्हणजे आम्हाला गारवा. अण्णापण तसंच म्हणत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की कोरड्या उन्हात घाम वाळतो म्हणून तुम्ही टिकता, तिथं हवेतच पाणी, घाम अंगावरच राहणार, ओआरएस घ्या, टोपी घ्या. आम्ही मान डोलावली आणि शेंगाची चटणी, कडक भाकरी बांधून घेतल्या. शहाणपणा असा की कारखान्यातून निघताना कडीवाले पंचे डझनभर उचलले, रिजेक्ट मालातले, एका कडेची शिलाई वाकडी होती म्हणून बाजूला काढलेले.

शुक्रवारी पहाटे साडेतीनला निघालो. प्रवासाचं फार सांगत नाही, विजापूरला गोल घुमट अंधारातच मागं गेला, हुबळीत गिरमिट आणि मिरची खाल्ली, अण्णांनी कन्नडमध्ये बोलून जादा कांदा मिळवला. यल्लापूरनंतर अरबैल घाट लागतो आणि तिथं हवा बदलते, म्हणजे खरंच बदलते, काच खाली केली की ओल्या मातीचा आणि सुपारीच्या बागांचा वास आत येतो, सकाळी आपण ज्वारीच्या रानातून निघालो होतो हे खोटं वाटायला लागतं. मागं चार गोल्फच्या बॅगा बघून चेकनाक्यावर पोलिसानं विचारलं ह्यात काय? अण्णा म्हणाले, काठ्या. त्यानं एक बॅग उघडायला लावली, बघितलं, जा म्हणाला.

पोचलो तेव्हा डॉक्टर आणि सीए लॉबीत शहाळं पीत बसले होते. आमच्या आधी तासभर आले होते. विमान वेळेवर निघालं, वेळेवर उतरलं, त्याबद्दल काही तक्रार नाही, डॉक्टर खिडकीतून काढलेला सोलापूरचा फोटो सगळ्यांना दाखवत होते. पण मोपावरून खाली येता येता त्यांनी जेवण केलं, गर्दीत अडकले, आणि टॅक्सीचं भाडं ऐकून अण्णांनी फक्त माझ्याकडं बघितलं. आमचं जाऊन-येऊन डिझेल टोल धरून साडेआठ हजारात बसलं, गाडीत चार माणसं. पुढच्या वेळीपण डॉक्टर विमानानंच जाणार आहेत म्हणे. मी काही बोललो नाही, सोलापूरचं विमान आहे, भरून जायला पाहिजे.

शनिवारी सव्वासात. सकाळचा उजेड नारळीच्या झाडांतून तिरका येतोय, वारा नाही, गवतावर दव. स्कोर आम्ही स्टेबलफर्डनं धरला, म्हणजे एखाद्या होलवर दहा शॉट लागले तरी शून्य गुण लिहून पुढं जायचं. ही पद्धत इंग्लंडात १९३२ ला एका डॉक्टरनंच प्रचारात आणली, आमचे डॉक्टर हे अभिमानानं सांगतात आणि तिचा सगळ्यात जास्त फायदापण तेच घेतात. चौघांचा खेळ कमीजास्त असेल तर दुसरं काही लावू नका, भांडणं होतात.

आणि गवत! गोल्फमध्ये ज्याला बर्म्युडा म्हणतात, उष्ण देशातल्या बऱ्याच कोर्सवर जे लावतात, ते म्हणजे आपली हरळी. दूर्वा. मी हे वाचलं तेव्हा वडिलांची आठवण आली, आमच्या रानातली हरळी काढायला ते दरवर्षी बायका लावायचे, ‘हरळी लागलेलं रान आणि सावकार लागलेलं घर सारखंच’ म्हणायचे. आणि इथं तिला पाणी काय, खत काय, कातरायला मशिनी काय. एकवीस दूर्वा निवडून काढणाऱ्या माझ्या बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग गणपतीला कुरिअर करायला सांगा त्यांना.

पहिले पाच-सहा होल बरे गेले. अण्णांनी दोन पार केले, म्हणजे दोन होल ठरलेल्या शॉटमध्ये संपवले. मग ऊन चढलं आणि डॉक्टरांचं सगळं खरं झालं. घाम येतो आणि जातच नाही. मनगटावरून ओघळून ग्लोव्हमध्ये, ग्लोव्हमधून ग्रिपवर, आठव्या होलला ड्रायव्हर (लांब मारायची मोठी काठी) माझ्या हातातून सुटून बॉलच्या पुढं जाऊन पडला. दोन्ही ग्लोव्ह पिळून निघाले. नऊ झाल्यावर अण्णा ओआरएस मागायला लागले, ते पण डॉक्टरांकडं, मान खाली घालून.

तिथं पंच्यांचं काम सुरू झालं. चौघांच्या बॅगांना एकेक लावला, ओले झाले की बदलायचे. कॅडी मंडळी हात पुसून बघत होती, एकानं दोन बोटांत धरून चोळून बघितलं, आम्ही धंद्यात पाइल (टॉवेलवरचे सुताचे फासे) बघतो ना तसंच. जाड आहे म्हणाला, पाणी चांगलं ओढतो. मला इतका आनंद मोठ्या बायरच्या मेलनं कधी झाला नाही. मी लगेच सांगून टाकलं की आमच्याच कारखान्यातला आहे. तर तो म्हणाला, ‘मग एक सांगू का साहेब, कडी चुकीच्या जागी आहे.’

चुकीच्या जागी? बारा वर्षं?

त्यानं करून दाखवलं. वरच्या काठाला कडी असली की टॉवेल बॅगच्या बाजूला लांब लोंबतो, गाडीच्या चाकाशी घासतो, बॅग खांद्यावर घेतली की मांडीवर ओला फटका बसतो, आणि पुसायचं म्हणलं की घडी उलगडत नाही. त्यानं स्वतःचा जुना, धुऊन धुऊन विटलेला टॉवेल काढला. त्याला कडीच नव्हती, मधोमध बोटभर लांबीची चीर होती, कात्रीनं कापून हातशिलाई मारलेली. ती चीर एका क्लबच्या दांड्यातून खाली सरकवायची, टॉवेल दोन्ही बाजूंनी सारखा पडतो, एक टोक भिजवून बॉल पुसायला, दुसरं कोरडं हात पुसायला, काढायला-घालायला एक सेकंद. असला टॉवेल मी कॅटलॉगमध्ये बघितला होता, पण आमच्याकडं ऑर्डर नव्हती म्हणून कधी डोकं लावलं नव्हतं.

दहाव्या टीवर बाकी तिघं थांबलेत आणि मी तिथंच बसून त्या चिरेची लांबी बोटानं मोजतोय. सीए ओरडतोय, ‘अरे बे, वारा सुटायलाय, मार की!’ मारला. अठरा झाले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि वारा एवढा की माझा सात नंबरचा आयर्न, जो गच्चीवरच्या जाळीत फार छान वाटतो, शंभर यार्डांतच खाली बसला. बाकीच्यांनी किती गुण केले ते लिहीत नाही, अण्णा जिंकले एवढंच.

रविवारी नऊ होल, मग मल्लिकार्जुन, मग सोमवारी पहाटे परत. डझनातले उरलेले पंचे, वाकड्या शिलाईचे, कॅडींकडंच ठेवून आलो. त्या माणसाच्या जुन्या टॉवेलचा मोबाइलवर पट्टी ठेवून फोटो काढून आणलाय. मंगळवारी मास्तरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, चिरेच्या दोन्ही टोकांना बारटॅक (दाट टाक्यांची पक्की शिलाई) मारावा लागेल, नाहीतर चार धुण्यांत फाटत जाईल. चार नग शिवायला घेतलेत.